अखेर रणपिसे वडील झाले

"नम्रता कशी असावी, हे माझ्याकडून शिका," असं शमुवेल रणपिसे दर रविवारी सांगत, आणि तेही माईकवरून. समोर माणसं असत आठ-नऊ, त्यातली निम्मी पेंगत. एवढ्यांसाठी माईक कशाला, असं चर्चच्या धर्मगुरूंनी, म्हणजे पाळकसाहेबांनी एकदा हळूच विचारून पाहिलं होतं. "मागच्यांना ऐकू जात नाही," रणपिसे म्हणाले. मागे कोणी बसतच नसे. पण रणपिसेंना मागे कायम गर्दी दिसायची, त्याला पाळक तरी काय करणार?

हा नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, प्रौढ वर्ग. पोरांची जशी शब्बाथ शाळा असते, तशी ही थोरांची. रविवारच्या उपासनेआधी तासभर बसायचं, पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायचा आणि सगळ्यांनी मिळून त्यावर विचार करायचा, असा मूळ बेत. रणपिसे शिकवायला लागले आणि विचार करायचं काम त्यांनी एकट्याने अंगावर घेतलं. सरकारी खात्यात ते हेडक्लार्क होते. तिथे उभ्या नोकरीत त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. ती सगळी थकबाकी ते इथे वसूल करत.

त्यांचा जीव अडकला होता वडील होण्यात. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, की या मंडळीचा कारभार पाळक एकटा हाकत नाही. सभासद मतं टाकून आपल्यातले काही जण निवडतात आणि त्यांना 'वडील' म्हणतात. गावात पंच असतात ना, तसंच समजा. वडिलांना पुढच्या बाकावर जागा, प्रभुभोजनाच्या वेळी भाकर फिरवायचा मान, आणि कोणाच्याही घरी जाऊन सल्ला द्यायचा परवाना. सल्ला तर रणपिसे विनापरवाना देतच होते, पण सरकारी माणूस. कागद हातात असलेला बरा.

तीन निवडणुका ते सपाटून पडले. चौथ्या वेळी त्यांनी प्रौढ वर्गात अध्याय संपला की मिसळ सुरू केली. बघता बघता वर्गाला जागा पुरेना. मिसळीला आलेली माणसं मतदानालाही आली आणि रणपिसे निवडून आले. याला ते "लोकांना लागलेली वचनाची भूक" म्हणत. मग मिसळ बंद झाली, भूक भागली, आणि वर्ग पुन्हा आठ-नऊवर आला.

आता येत्या रविवारी उपासनेत पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार होते. ही दीक्षा झाली की रणपिसे रीतसर वडील. एखाद्या भल्या माणसाचं एवढ्यावर समाधान झालं असतं. पण नाशकात हल्ली कोणी सोसायटीचा सेक्रेटरी झाला तरी चौकात फ्लेक्स लागतो, आणि रणपिसे जाता-येता ती हसरी तोंडं बघून जळत. फ्लेक्स हवाच. मात्र आपला आपण लावला असं दिसता कामा नये. नम्रता होती ना! वर्गाने लावलाय, प्रेमापोटी, असं दिसायला हवं. वर्गाला विचारावं असं काही त्यांच्या मनात आलं नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्यांनी द्वारकेच्या वाल्मीक फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"लिही. 'प्रभूच्या कृपेने आणि मंडळीच्या भरघोस सहकार्याने...'"

"मंडळीच्या सहकार्याने. बरं."

"'...माननीय शमुवेल रणपिसे अखेर वडील झाले. तीन वेळा अपयश येऊनही जे खचले नाहीत, त्यांचे हार्दिक अभिनंदन.' आणि खाली, 'शुभेच्छुक, समस्त प्रौढ वर्ग.'"

पलीकडे वाल्मीकने पेन खाली ठेवलं. "साहेब, वय काय आपलं?"

"बासष्ट. ते लिहू नको."

"नाही नाही. कमाल आहे साहेब. मनापासून अभिनंदन."

"असू दे, असू दे. सुटातला फोटो पाठवतो. बाकी डिझाईन तू बघ. प्रसंगाला शोभेल असं टाक."

"त्याची काळजीच सोडा," वाल्मीक म्हणाला. रणपिसेंनी खरंच सोडली.

शनिवारी सकाळी ते सुटाची कंबर सैल करून घ्यायला शिंप्याकडे गेले. इकडे वाल्मीकच्या माणसांनी एक फ्लेक्स चर्चच्या फाटकावर टांगला आणि एक रणपिसेंच्या सोसायटीच्या तोंडाशी. परत येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या शेखरने त्यांना हाक मारली.

"काका, अभिनंदन. वाचलं आत्ताच. या वयात म्हणजे कमालच केलीत."

रणपिसे फुलले. "वयाचं काय घेऊन बसलास? इच्छा दांडगी पाहिजे. तीन वेळा हात हलवत परत आलो, पण नाद सोडला नाही."

शेखर काउंटरवर पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकूंना जड गेलं असेल ना?"

"तिचा काय संबंध? तिने काडीची मदत केली नाही. उलट, या वयात कशाला हे नसते उद्योग, म्हणत होती. जे काही केलं ते मंडळीने."

"मंडळी म्हणजे बायको, म्हणजे काकूच की."

"छे रे. आमच्या मंडळीत शंभरावर माणसं आहेत."

शेखरच्या हातातली गोळ्यांची स्ट्रिप खाली पडली. ती उचलून तो म्हणाला, "आता रात्रीची जागरणं वाढतील, काका."

"वडील म्हटलं की ते आलंच. रडारड झाली की आपणच धावायचं."

शेखरने एक बाटली कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. वडिलांना मिळालेला हा पहिला मान, असं समजून रणपिसेंनी ती न बघता पिशवीत टाकली. ते ग्राइप वॉटर होतं.

तेवढ्यात त्यांच्या घरी तळमजल्यावरच्या कुसाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. कुसाबाई सायखेड्याच्या, मायाळू आणि चौकशीला पक्क्या.

"बाई, एका शब्दानं बोलल्या नाय तुम्ही," त्या मार्थाबाईंना, म्हणजे रणपिसेंच्या बायकोला म्हणाल्या. "मी रोज जिन्यात बघते तुम्हाला, मला कळलं कसं नाय?"

"काय कळायचं होतं?"

"घ्या, लाडू खा. कंबरेला लय चांगले." कुसाबाईंची नजर घरभर फिरत होती. "बाळ कुठं हाय?"

"कोणाचं बाळ?"

"तुमच्या साहेबांचं. खाली एवढं मोठं चित्र लावलंय की."

मार्थाबाई गॅलरीत गेल्या. फ्लेक्स त्यांनी सावकाश दोनदा वाचला आणि त्यांना सगळा उलगडा झाला. इतकी वर्षं संसार काय उगाच केला होता? पण तो त्यांनी स्वतःशीच ठेवला. बघू या म्हटलं, कुठवर जातंय ते.

"माझा नातू दहावीला आहे, कुसाबाई," त्या आत येऊन म्हणाल्या. "माझं कुठलं बाळ?"

"अगं बया. मग कोणाचं हाय?"

"ते त्यांनाच विचारा."

कुसाबाईंनी टेबलावर ठेवलेला डबा विचार करून पुन्हा उचलला. "मग हे तिलाच लागतील, बिचारीला," असं म्हणून त्या खाली गेल्या, आणि जेवायच्या वेळेपर्यंत सोसायटीत कोणाला काही सांगायचं उरलं नाही.

रणपिसे सोसायटीच्या फाटकाशी आले ते मान ताठ करून. वर बघितलं आणि मान तशीच राहिली. फ्लेक्सवर ते होते, सुटात, हसत. त्यांच्या शेजारी त्यांच्याएवढंच मोठं, दात नसलेलं, गुटगुटीत बाळ होतं. भोवती फुगे, खुळखुळे, दुधाची बाटली, आणि वरून चोचीत झोळी धरून उडत येणारा एक पांढरा पक्षी. मधोमध सोनेरी अक्षरांत: मंडळीच्या भरघोस सहकार्याने अखेर वडील झाले. आणि बाळाच्या पायाशी: शुभेच्छुक, समस्त प्रौढ वर्ग.

त्यांनी तिथूनच वाल्मीकला फोन लावला. "अरे मूर्खा, हे काय केलंस?"

"साहेब, एक अक्षर बदललेलं नाही. तुम्ही बोललात तसंच आहे."

"अरे, वडील म्हणजे बाप नव्हे!"

असं वाक्य वाल्मीकला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. "मग काय असतं, साहेब?" त्याने अदबीने विचारलं.

रणपिसे ओरडणार तेवढ्यात मागून सोमनाथ गायकवाड आले. हे मंडळीचे जुने वडील. रणपिसेंना त्यांच्यापेक्षा जास्त मतं पडली होती, ते त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. चर्चच्या फाटकावरचा फ्लेक्स बघून ते शहानिशा करायला थेट इथवर आले होते.

"कोणी लावला हो हा?" सोमनाथ म्हणाले.

खरं बोलायची वेळ होती ती हीच. फ्लेक्सवाल्याचा गोंधळ, मीच सांगितला होता करायला, एवढं म्हटलं असतं तर दोघंही हसून मोकळे झाले असते. पण मग नम्रतेचं काय? रणपिसे म्हणाले, "वर्गाने लावला. मी नको नको म्हणत होतो."

"वर्गाने?" सोमनाथांनी बाळाकडे नीट बघितलं. "मग वर्गाला काहीतरी माहीत असणार."

रविवारी प्रौढ वर्ग मिसळीशिवाय भरला. बाकं पुरेनात, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा रणपिसेंना मागे खास त्यांच्यासाठी आलेली गर्दी दिसली, आणि त्यांनी माईक बंद केला. पहिल्या रांगेत पाळकसाहेब आणि सगळे वडील येऊन बसले होते. अध्यायही नेमका कोणता? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तिसरा, मंडळीचा पुढारी कसा असावा ते सांगणारा. आपल्याशी ताडून बघता यावं म्हणून रणपिसेंनी स्वतःच तो आजच्या दिवसाला नेमला होता. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! पुढारी निर्दोष असावा, एकाच बायकोचा नवरा असावा, इथवर ते आले आणि त्यांना ठसका लागला.

पाळकसाहेब उठले. माणूस मवाळ, पण आज दीक्षा द्यायची होती त्यांना. "रणपिसेसाहेब, त्या फ्लेक्सचं जरा सांगता का?"

"फ्लेक्सवाल्याची चूक, दुसरं काय? बाळबीळ काही नाही."

"मग त्या मेडिकलवाल्याला काय सांगितलंत?" सोमनाथ बसल्या जागेवरून म्हणाले. "बायकोचा काही संबंध नाही म्हणून? मी समक्ष विचारून आलोय."

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. पाळकसाहेबांनी हात वर केला. "थांबा. ज्याने फ्लेक्स करून घेतला तो सांगेल ना काय सांगितलं होतं ते. साहेब, कोणी करून घेतला?"

"वर्गाने," रणपिसे पुटपुटले.

वर्गात सगळ्यात म्हातारे बहिरूबाबा. ते काठी टेकत उभे राहिले. "आम्ही? आम्ही तर मिसळीलासुद्धा कधी वर्गणी दिली नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. बाळ आपलं नाही हे पटवायचं, तर फ्लेक्स आपला हे कबूल करायचं. आपणच आपल्याला माननीय म्हटलं, आपणच आपलं हार्दिक अभिनंदन केलं, हे या भरल्या वर्गापुढे, नम्रतेवर इतकी वर्षं माईकवरून बोलल्यावर! आणि फ्लेक्स आपला नाही म्हणायचं, तर बाळ गळ्यात पडतं. दुसरा कोणी क्षणभरही थांबला नसता. रणपिसे थांबले. खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांना बाळच परवडेल असं वाटलं.

त्यांनी घसा साफ केला. "आता बघा, अब्राहामाला तर शंभराव्या वर्षी मूल..."

"खाली बसा," मार्थाबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. "पाळकसाहेब, बाळाची चिंता सोडा. यांना सहन करणारी दुसरी बाई अजून जन्माला यायची आहे. बाळ यांचं नाही. फ्लेक्स यांचा आहे."

"कशावरून, बाई?"

"'तीन वेळा अपयश येऊनही जे खचले नाहीत.' हे वाक्य मी कित्येक महिने रोज जेवताना ऐकतेय. आणि आता पुढचंही वचन वाचा ना कोणीतरी. तिथवर आलं की यांचा तास नेहमी संपतो."

पाळकसाहेबांनी वाचलं. पुढाऱ्याने गर्वाने फुगून जाऊ नये, असं तिथे होतं. वर्ग इतका जागा कधीच नव्हता.

वडीलमंडळ बाहेर जाऊन लगेच परत आलं. ठरलं ते असं: बाळाचा आरोप मागे. पण दीक्षा पुढे ढकलली. तोवर रणपिसेंनी प्रौढ वर्गात शिकणाऱ्यांच्या बाकावर बसायचं आणि पाळकसाहेब शिकवतील ते ऐकायचं. बहिरूबाबांनी एवढंच विचारलं, की मग मिसळ पुन्हा सुरू होणार का.

दुपारी रणपिसे भिंतीकडे तोंड करून पडले होते. फोन वाजला, तो मार्थाबाईंनी घेतला. वाल्मीक होता, बिचारा खजील झालेला.

"काकू, साहेबांना सांगा, चूक सुधारली. बाळ काढून टाकलं. आता फक्त साहेब आणि 'वडील झाले'. लावू का परत?"

मार्थाबाईंनी आत नजर टाकली. "नको रे. बाळ राहू दे. वडील तेवढे काढून टाक."

आत कूस बदलल्याचा आवाज झाला. मग उशीतून रणपिसेंचा बारीक आवाज आला.

"फोटो मात्र सुटातलाच ठेव म्हणावं."