गायकवाडांची जर्मन गाडी

‘आपली गाडी आज वेळेवर आहे!’

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत बाकावर बसून, मोबाइलमध्ये डोकं घालून गायकवाड रोज सकाळी ही घोषणा करतात. एका नव्या भाडेकरूने बिचाऱ्याने लगेच स्कूटर काढली. ‘काका, चला, स्टेशनवर सोडतो.’ त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, की गायकवाडांची गाडी जर्मनीत धावते आणि त्यांनी स्वतः ती आजवर डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही.

पण गाडी त्यांचीच, हे मला मान्य आहे. ते पुण्यात ज्या कंपनीत ड्रॉइंग करायचे, तिला एका जर्मन रेल्वेचं काम मिळालं होतं. डोंगरातली आडबाजूची लाइन, दोन डब्यांची जुनाट गाडी. उंच पायऱ्या, अंधारे डबे. लोक कंटाळून आपापल्या मोटारींनी जायला लागले आणि लाइन बंद करायची वेळ आली. गायकवाडांच्या टीमने त्या गाडीचा कायापालट केला. मोठ्या खिडक्या आल्या, सायकलींना जागा झाली आणि डब्याची जमीन फलाटाच्या बरोबरीला आणली. व्हीलचेअर थेट आत. प्रवासी परतले, लाइन वाचली. त्या दिवशी गायकवाडांनी सोसायटीभर पेढे वाटले. ‘जर्मनीत गाडी वेळेवर, छान. आपल्याकडे पाणी कधी येणार तेवढं सांगा,’ म्हणत आमच्या सेक्रेटरींनी दोन उचलले.

तेव्हापासून गायकवाडांना जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध सापडलंय. मीटिंगला कोणी येत नाही? ‘पायरी बघा.’ वाचनालय ओस पडलंय? ‘पायरी बघा. माणूस वाईट नसतो हो ताई, पायरी उंच असते.’ माझ्या भाचीचं लग्न जमत नव्हतं, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. त्या दिवशी मी त्यांना चहा न देता परत पाठवलं.

हे औषध ते खरं तर स्वतःच्या घरी वापरत होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा मुलगा प्रशांत राहतो वारज्यात, म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर. पण आई गेल्यापासून त्याने या घरात पाऊल टाकलेलं नाही. फोनवर ‘हो’, ‘बरं’, ‘बघतो’. मग गायकवाडांनी घरच सुधारायला घेतलं. नातीसाठी झोपाळा टांगला. सुनेला उकडतं म्हणून एसी बसवला. मग वाय-फाय. प्रत्येक नव्या वस्तूनंतर रविवारी स्वतः मटणाचा रस्सा करायचे, सगळ्यांची ताटं मांडायचे, आणि संध्याकाळी तो रस्सा वॉचमनच्या डब्यात जायचा.

शेवटी त्यांनी बिल्डिंगच्या दारातल्या पायऱ्यांना हात घातला. कमिटीशी भांडभांड भांडून तिथे रॅम्प करून घेतला, कठड्यासकट. फोटो काढून प्रशांतला पाठवला.

‘आता येतो की नाही बघा!’

आणि खरंच तो आला. रविवारी मी भाजी घेऊन परतत होते, तर प्रशांत फळांची पिशवी घेऊन रॅम्पसमोर उभा.

‘अरे, इथे काय उभा? चल ना वर.’

‘फोटोत नीट कळलं नव्हतं, काकू.’ त्याची नजर रॅम्पवरून हलेना. ‘आई व्हीलचेअरवर होती, तेव्हा इथे पायऱ्या होत्या. मी तिला उचलून न्यायचो, आणायचो. बाबा वर असायचे. जर्मन लोकांशी बोलत. व्हीलचेअर गाडीत कशी घ्यायची, यावर.’

त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि गाडी काढून निघून गेला.

मी वर गेले. गायकवाड गॅलरीत उभे होते. तिथून खालचं दार स्वच्छ दिसतं, म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं होतं. आत टेबलावर ताटं मांडलेली, कांदा चिरून ठेवलेला. इतकी वर्षं मी ज्या माणसाची टिंगल केली, त्याच्याकडे बघून मला रडू आवरेना.

‘रॅम्प करायला नको होता,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं, पायरी गेली की...’

ते आत येऊन बसले. मीही बसले.

‘मी या गॅलरीतूनच बघायचो हो, ताई. कानाला हेडफोन. तो तिला उचलायचा, ती हसायची, मग तोही हसायचा. मला वाटायचं, चाललंय की सगळं नीट.’

रस्सा गार झाला होता. गरम करायला म्हणून मी उठले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

‘खाली जाऊन मी एका बाजूने धरलं असतं ना, तरी चाललं असतं.’