अण्णांची लाल चिंधी

आमचे मल्लाप्पाअण्णा डोंगरात जाताना एक वेळ डबा विसरतील, पण चिंध्या विसरायचे नाहीत. कापडाचं दुकान घरचंच. वर चढताना प्रत्येक फाट्यावर फांदीला एक चिंधी बांधायची आणि उतरताना सोडून पिशवीत टाकायची. सकाळी पाहिलेली वाट संध्याकाळी तिथंच असेल, यावर त्यांचा भरवसा नव्हता. चिंधीवर होता, कारण ती त्यांनी स्वतः फाडलेली असायची.

नव्वदच्या दशकात थंडीच्या दिवसांत आम्ही शेजारीपाजारी दर रविवारी कोल्हापुरातून पहाटेची एसटी पकडून गगनबावड्याकडं जायचो आणि दिवसभर जंगलात भटकायचो. अण्णा सगळ्यांच्या मागं चालत. आपल्या पाठीमागं कुणी असलेलं त्यांना खपत नसे. एखाद्या गावकऱ्यानं माथा जवळच आहे म्हटलं, की पुटपुटायचे, "एल्ला सुळ्ळू." म्हणजे सगळं खोटं. त्यांच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालत, पैकी संशयाचं खातं कन्नडकडं होतं. झऱ्याचं पाणी आधी मला प्यायला लावायचे आणि मग थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. मी शाळामास्तर, गेलो तर दुसरा मिळेल, असा त्यांचा हिशोब असावा.

याच संशयापायी त्यांची एकुलती एक पोरगी तुटली होती. रत्नानं बेळगावच्या मुलाशी आपलं आपण लग्न ठरवलं, तेव्हा पोराचा डोळा दुकानावर आहे असं म्हणून अण्णा मांडवात गेलेच नाहीत. बायको आधीच गेलेली, घरात एकटे. रविवारी संध्याकाळी, एसटीडी स्वस्त असे तेव्हा, रत्नाचा फोन यायचा. अण्णा तिचा आवाज नीट ऐकून घेत आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून देत.

एका रविवारी कोकणातून धुकं वर चढलं. आम्ही घाईनं दुसऱ्याच वाटेनं उतरलो आणि जांभळीला बांधलेली लाल खणाची चिंधी तशीच राहिली. आठवडाभर अण्णांना चैन नव्हतं. कुणीतरी ती मुद्दाम भलत्याच फाट्यावर नेऊन बांधणार, याची त्यांना खात्री होती.

पुढच्या रविवारी बघतो तर जांभळीला कुंकू लागलेलं, बुडाशी नारळ फोडलेला आणि फांद्यांवर चिंध्याच चिंध्या. नवसाचं झाड झालं होतं. अण्णांनी आपली चिंधी लांबूनच ओळखली आणि सोडायला हात घातला. शेजारी गवताचा भारा टेकवून बसलेली म्हातारी उठली.

"पावणं, हात लावू नगा. हितं देवी हाय. माझी सून रुसून म्हायेरला गेलती, गाठ बांधली आन् आली की परत."

आता 'एल्ला सुळ्ळू' येणार, म्हणून मी म्हातारीची समजूत काढायच्या तयारीत होतो. पण अण्णांनी हात मागं घेतला आणि हळू आवाजात एवढंच विचारलं, की किती दिवसांनी आली. चौथ्या दिवशी, असं सांगून म्हातारी भारा उचलून निघून गेली.

आम्ही पुढं निघालो. अण्णा बराच वेळ दिसेनात, तेव्हा मलाच संशय आला. हा माणूस देवीचं ठाणं उठवतोय की काय, म्हणून मी परत फिरलो. अण्णा पिशवीतली दुसरी चिंधी फांदीला बांधत होते.

"मास्तर, गाठ पक्की बसलीया का, बघा की जरा."

मी ओढून पाहिली. पक्की आहे म्हणून सांगितलं. मग त्यांनी स्वतःही एकदा ओढून पाहिली.

उतरताना अण्णा सगळ्यांच्या पुढं होते. वाटेवरच्या चिंध्या फांद्यांवर तशाच राहिल्या. मी आठवण केली, तर न थांबता म्हणाले, "ऱ्हाऊ द्यात. एसटी चुकाय नगं. सांजच्याला फोन यायचा हाय."