एलियाकाकांचा शनिवार

एलियाकाका रोहेकर येताना दिसले की आमच्या आळीतल्या बायका रेडिओवर उशी ठेवत. टेपरेकॉर्डर असेल तर तो कपाटात जाई. भिंतीवरचं घड्याळ काही लपवता येत नसे, म्हणून काकांना खुर्ची अशी दिली जाई की घड्याळाकडे त्यांची पाठ राहावी.

काका चोर नव्हते. पेणच्या तारऑफिसात सगळी नोकरी करून ते इभ्रतीनं निवृत्त झाले होते. त्यांना फक्त वस्तू उघडायची सवय होती. चहाचं आधण ठेवेपर्यंत त्यांचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेलेला असे. "जरा उघडून बघू या," एवढंच ते म्हणत, आणि चहा समोर येईपर्यंत तुमच्या रेडिओची आतडी सतरंजीवर पसरलेली असत.

उघडलेलं बंद करणं मात्र त्यांना जमत नसे. आमचा मिक्सर त्यांनी एकदा उघडला आणि मोठ्या कष्टानं मिटवला, तेव्हा चार स्क्रू उरले. ते माझ्या तळहातावर ठेवून काका म्हणाले, "हे कंपनीनं जास्तीचे दिले होते." त्या मिक्सरमध्ये पुढे आम्ही तांदूळ ठेवत असू.

काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. वाडवडील तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून बाजारातली जुनी माणसं त्यांना अजूनही 'शनवार तेली' म्हणत. काका त्याला ओ देत. घाणा जाऊन तारऑफिस आलं आणि तारऑफिस जाऊन पेन्शन आलं, पण शनिवार तसाच राहिला. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा स्क्रूड्रायव्हर फळीवर जाई, तो शनिवारी अंधार पडेपर्यंत खाली येत नसे. आळीतल्या बायकांनी काकांना चहाला बोलवायचा वार कोणता ठरवला होता, ते सांगायला नको.

मी त्यांचा शेजारी आणि शाळेत मराठीचा मास्तर. पेणला तेव्हा पहिलेवहिले कॉम्प्युटर क्लास निघत होते. त्याच सुमाराला धाटावच्या कारखान्यांतल्या काही इंजिनियरांनी मिळून शाळांसाठी रोह्याला एक स्पर्धा काढली. मुलांनी संघ करायचा, स्वतःच्या हातानं एक रोबो बनवायचा, आणि त्या रोबोनं फळीवरचे लाकडी ठोकळे उचलून पलीकडच्या खोक्यात टाकायचे. पत्रक आमच्या शाळेत आलं. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि मी हेडमास्तरांना मोकळा दिसलो. मी वृत्त आणि अलंकार शिकवणारा माणूस. संध्याकाळी ओट्यावर बसून माझं रडगाणं गात होतो, ते काकांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेच्या फाटकात उभे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराला एकच प्रश्न.

"घरात काय मोडलंय?"

कुणी म्हणे इस्त्री, कुणी म्हणे पंखा. "घेऊन ये. टीममध्ये एक कमी पडतोय," काका सांगत. एक हुशार मुलगा म्हणाला, आमच्या घरात काहीच मोडलेलं नाही. "मग मोड आणि ये," काका म्हणाले. त्याचे वडील संध्याकाळी मला भेटायला आले होते.

काकांना मार्कांशी घेणंदेणं नव्हतं. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवणारा संदेश दोनदा आठवीत बसलेला होता. त्याला त्यांनी पहिला घेतला, कारण त्याचा हात हलत नसे. मग एकामागून एक पोरं जमत गेली. प्रयोगशाळेत बसायला जागा उरली नाही तेव्हा आम्ही व्हरांड्यात आलो, व्हरांडा भरला तेव्हा काही मंडळी पायऱ्यांवर बसली, आणि काका फाटकात उभे राहून सांगतच होते की एक कमी पडतोय.

मी एकदा वैतागून विचारलं की नियमात संख्येची अटच नाही, तर कमी पडतो तो कोण. तेव्हा ते सहज सांगून गेले. त्यांच्याकडे सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात. लहानपणी ते वडिलांचं बोट धरून प्रार्थनाघरात जात तेव्हा आत उभं राहायला जागा नसे. मग एकेक घर इस्रायलला गेलं. नऊ जमले की कुणीतरी रस्त्यावर जाऊन उभं राही, आपल्यातला कुणी जाताना दिसला तर हाक मारायला. आता मोठ्या सणाला मुंबईची माणसं आली तर आली. "जिभेला वळण पडलंय, मास्तर," काका म्हणाले, आणि समोरून सायकलवर चाललेल्या पोराला त्यांनी थांबवलं.

त्यांचा मुलगा आणि मुलगी दोघंही इस्रायलमध्ये बीरशेबाला होती. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाचा फोन आमच्याकडे येई. बाबा, आता एकटे काय करता तिथे, या इकडे, असं तो दर वेळी म्हणत असणार, कारण काकांचं उत्तर दर वेळी तेच असे. "टीम भरली की येतो."

खरी अडचण आली ती रंजनाची. रंजना खाडीकडच्या गावातून सायकलवर यायची. वर्गात एक शब्द बोलत नसे. पण काकांनी उघडून ठेवलेल्या वस्तूंच्या ढिगात बसली की तिचे हात आपोआप चालत. तिनंच टेपरेकॉर्डरच्या मोटारींना चाकं जोडली आणि जीपच्या वायपरची मोटार लावून ठोकळे उचलणारा हात केला. तो चालवायला घराच्या घंटीची बटणं वापरली होती. त्या महिन्यात आमच्या आळीत पाहुण्यांना कडी वाजवावी लागली, ती त्यामुळे. स्पर्धा जवळ आली आणि रंजना शाळेत यायची थांबली. मिठागरावर मीठ ओढायचे दिवस होते, घरात माणूस कमी होतं.

काका मला घेऊन मिठागरावर गेले. वाटेत मी बरंच भाषण तयार केलं होतं, शिक्षणाचं महत्त्व वगैरे. रंजनाचे वडील बांधावर उभे होते. त्यांनी माझं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगी रोह्याला जाऊन काय करील? मीठ काय तो तुमचा उंदीर ओढील?"

संदेशनं कारखान्यातल्या मूषकाचा साचा वापरून रोबोला अंग दिलं होतं, डोळे रंगवले होते. त्याची कीर्ती मिठागरापर्यंत पोचली होती, हे कळून मला बरं वाटलं.

काका तोवर बांधावर बसले होते आणि तिथे पडलेला ट्रान्झिस्टर त्यांच्या हातात होता. तो खरखरत होता. मी काही बोलायच्या आत त्याच्या मागचं झाकण निघालं आणि आतलं सगळं काकांच्या धोतरावर आलं. रंजनाच्या वडिलांचा चेहरा बदलला. काकांनी थोडा वेळ खटपट केली, मग मान हलवली. "आता मला नाय येत," ते म्हणाले.

वडील काही बोलणार एवढ्यात रंजना मीठ ओढायचं सोडून आली. हात पुसले, बापाकडे न बघता बसली, आणि एकेक तुकडा उचलून जागच्या जागी लावत गेली. शेवटी झाकण बसवलं आणि बटण फिरवलं. खरखर गेली होती. बाजारभाव चालू होते, ते स्वच्छ ऐकू आले.

"हे तुला कुनी शिकवलं?" वडिलांनी विचारलं.

"काकांनी."

"त्यांना तर येत नाय."

"म्हनून तर शिकले," रंजना म्हणाली.

वडील बराच वेळ भाव ऐकत उभे राहिले. मग मला म्हणाले, "न्या. पन बरोबर न्या आनि बरोबर आना."

स्पर्धा शनिवारी होती. हे मी काकांना भीतभीतच सांगितलं. शनिवारी ते एसटीत बसत नसत. काकांनी जरा विचार केला आणि शुक्रवारी सकाळीच रोह्याला निघून गेले. तिथे त्यांच्या समाजातलं एक घर अजून उरलं होतं, त्यांच्याकडे राहिले. शनिवारी आम्ही पहिल्या गाडीनं नागोठण्यावरून रोह्याला पोचलो, मांडीवर उंदीर घेऊन. शाळेच्या सभागृहात काका आधीच पहिल्या रांगेत बसलेले. इस्त्रीचा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. खिशात स्क्रूड्रायव्हर नाही म्हणून त्यांचा खिसासुद्धा मला ओळखू येईना.

उंदीर छान निघाला. पहिला ठोकळा त्यानं उचलून खोक्यात टाकला. दुसरा उचलला. तिसऱ्याकडे जाता जाता तो मध्येच गरगर फिरायला लागला आणि थांबला. एक चाक मेलं होतं. परीक्षकांनी सांगितलं की दुरुस्तीला थोडा वेळ मिळेल, पण हात फक्त मुलांचे लागले पाहिजेत. मार्गदर्शकाला तोंडानं सांगता येईल.

सगळी टीम काकांकडे धावली. संदेशचे डोळे भरले होते. काका, सांगा ना काय करू, तो म्हणाला.

काकांच्या कपाळावर घाम आला होता. उघडी पडायला टपलेली वस्तू समोर होती. पाठीमागे एका हातानं दुसरा हात त्यांनी किती घट्ट धरला होता, ते मागच्या रांगेतून मला दिसत होतं.

"आज माझा शनवार हाय," काका म्हणाले. "तुमचा नाय."

एवढंच. मग रंजना वळली आणि तिनं उंदीर उलटा केला. संदेशनं पोट उघडलं. आत एक तार निसटली होती. रंजनानं ती दातांनी सोलली, पीळ दिला, पण बांधायला काही सापडेना. मग टीमची नजर माझ्यावर गेली. माझ्या चष्म्याची काडी चिकटपट्टीनं बांधलेली होती. मला काही कळायच्या आत पट्टी सोलली गेली, आणि पुढची स्पर्धा मी चष्म्याचे दोन भाग दोन हातांत धरून ऐकली. ठोकळे खोक्यात पडल्याचे आवाज येत होते. पुढच्या रांगेतले काका प्रत्येक आवाजाला मान हलवत होते, एवढं धूसर दिसत होतं.

आमचा दुसरा नंबर आला. पहिला रोह्याचा. पेणला पुढे लोक म्हणत राहिले की काकांच्या रोहेकर आडनावानं काम केलं. पण बक्षिसानंतर रोह्याची पोरं उंदराभोवती जमली, पोट उघडून दाखवा म्हणाली, आणि रंजना, वर्गात एक शब्द न बोलणारी रंजना, त्यांना समजावून सांगत होती. त्यातल्या दोन मुलींना तिनं विचारलं की तुमच्या घरात काय मोडलंय. काका ऐकत होते. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी चष्म्याशिवाय पाहिला, तरी नीट पाहिला.

मी परतीच्या गाडीची घाई करू लागलो तेव्हा काका म्हणाले की तुम्ही व्हा पुढे, माझा दिवस मावळायचा आहे, मी मागून येतो. संदेशनं विचारलं, एकटे? रोजचंच आहे ते, काका म्हणाले. पोरांनी आपसांत काही ठरवलं असेल तर ते मला कळलं नाही. रंजनानं उंदीर खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली. मग सगळेच बसले. मिठागरावर निरोप जाईल अशी सोय मी एका पेणच्या माणसाबरोबर केली आणि मीही बसलो.

आम्ही कुंडलिका नदीच्या काठी गेलो. ऊन उतरलं, पाणी काळसर झालं. आता संपला का शनिवार, असं पोरं विचारत होती. काकांनी सांगितलं की आभाळात तीन तारे दिसले पाहिजेत, मग संपतो. लगेच सगळ्या माना वर गेल्या. एकानं धाटावच्या बाजूचा लाल दिवा दाखवला. "कंपनीचा दिवा चालत नाय," काका म्हणाले. पहिला तारा रंजनाला दिसला. दुसऱ्यावरून भांडण झालं. तिसरा संदेशनं शोधला, नारळाच्या झावळीमागे.

"कुठे?" काकांनी विचारलं.

संदेशनं त्यांची हनुवटी धरून मान वळवली. काका बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मला एकपण दिसत नाय, मास्तर. माझी पोरं होती तेव्हा दारात उभी राहायची आणि आत ओरडून सांगायची. शनवार संपेपर्यंत दिवा लावायचा नाय, म्हणून ती गेल्यावर मी आपला अंधारात बसून राहतो. शेजारी जेवणखाण आटोपलं, भांडी वाजायची थांबली, की समजतो, आता नक्की झाला असेल अंधार."

कितीतरी शनिवार त्या घरातला दिवा आमच्यानंतर लागायचा. आम्हाला वाटे, पेन्शनीतला माणूस, बिल वाचवतो.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी मी दूध घेऊन आळीत शिरलो, तर काकांच्या पायरीवर संदेश आणि टीममधली आणखी दोन-तीन पोरं बसलेली. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. सगळ्यांच्या माना वर होत्या. आतल्या खोलीत, अंधारात, काका टोपी घालून खुर्चीवर ताठ बसले होते, दाराकडे कान लावून.

"काका, तीन झाले," संदेशनं आत तोंड करून सांगितलं.

आत खुर्ची सरकली आणि दिवा लागला.