उघडण्यास मनाई असलेलं पिस्तूल

१९३५ साली वॉर्सात असं ठरलं, की पोलिश अधिकाऱ्याच्या कमरेला परकं पिस्तूल शोभत नाही. त्यासाठी ‘शस्त्रमूळ निश्चिती समिती’ नेमण्यात आली. मी तिचा कारकून.

इंजिनिअर येरेमी सिकोरा यांनी दोन वर्षं खपून पिस्तूल तयार केलं. चाललंही झकास. फक्त अर्जात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘आतली रचना एका अमेरिकन कारागिराच्या पिस्तुलावरून घेतली आहे.’

अध्यक्ष कर्नल गावरोन यांनी चष्मा काढला.

“सिकोरा, हे वाक्य खोडा.”

“साहेब, पिस्तूल उघडलं की कुणालाही कळेल.”

“मग उघडायचंच कशाला?”

बीटाचं सूप यायच्या आत ठराव संमत झाला : पिस्तुलाचा अंतर्भाग हे राष्ट्रीय गुपित असून तो उघडणे हा गुन्हा समजण्यात येईल.

न उघडता साफ कसं करायचं, अशी घोडदळाने विचारणा केली. समितीने कळवलं : बाहेरून.

हिवाळ्यात पिस्तुलं अडकू लागली. ती दुरुस्तीला आली. पण मिस्त्रींनाही उघडायची परवानगी नव्हती. त्यामुळे मी त्या पिस्तुलांची नोंद ‘अत्यंत सुरक्षित’ या सदरात केली. वर्षभरात एकही अपघात नाही, म्हणून कर्नलसाहेबांना पदक मिळालं.

सिकोरांचा धाकटा भाऊ लूचियान सरहद्दीवर लेफ्टनंट होता. तस्करांशी गाठ पडली तेव्हा त्याचं पिस्तूल उडालंच नाही. तस्कराचं उडालं, आणि लूचियानच्या कानाची पाळी गेली. पट्टी बांधून तो घरी आला.

“दादा, हे काय बनवलंयस रे? याच्यापेक्षा दगड बरा. निदान फेकून तरी मारता येतो!”

सिकोरांनी जेवणाच्या टेबलावर फडकं अंथरलं, पिस्तूल उघडलं, पुसलं, तेल दिलं.

पुढच्या सरावात अख्ख्या रेजिमेंटमध्ये एकट्या लूचियानचं पिस्तूल चाललं. साहजिकच चौकशी झाली आणि सिकोरांना अटक झाली.

न्यायाधीशांनी विचारलं, “तुम्ही पिस्तूल उघडलंत?”

“उघडलं.”

“आत काय दिसलं?”

कर्नलसाहेबांनी पुन्हा चष्मा काढला. आता ‘अमेरिका’ बाहेर पडणार, असं आम्हा समितीवाल्यांना वाटलं.

“गंज, साहेब.”

“कुठला?”

“इथलाच. अगदी अस्सल.”

अभिमानाने आम्ही सगळे उभे राहिलो. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की सिकोरांना शिक्षा किती झाली ते कुणाला ऐकूच आलं नाही. नंतर कुणी विचारलंही नाही.