सगळ्या पट्ट्या आडव्या

ज्याला डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं त्याला जगातली कुठलीही विद्या अवघड नाही, असं माझं ठाम मत होतं. उस्कुदारला मी आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं. तेव्हा कानून हे तारांचं वाद्य वाजवायला शिकणं म्हणजे काय मोठं? मांडीवर ठेवायचं, दोन्ही तर्जन्यांत नख्या चढवायच्या आणि तारा छेडायच्या. बसून करायचं काम!

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते होणाऱ्या विहीणबाईंमुळे. माझी लेक बेर्रिन आणि तिचा तुना यांचं आपसात केव्हाच ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते तुनाच्या आईपाशी. सआदतबाई विधवा, मोजकं बोलणाऱ्या. फेरीबोटीवर आम्ही पहिल्यांदा भेटलो, तेव्हा चहाच्या पेल्यात बघत त्या म्हणाल्या, "आमचे हे कानून वाजवायचे. ते गेले आणि घर मुकं झालं. ज्या घरात सूर नाही त्या घराशी नातं जोडायला मन होत नाही माझं."

बेर्रिनचा चेहरा खर्रकन उतरला. मला ते बघवेना.

"अहो, आमच्याकडे आहे की कानून!" मी म्हणालो. "मीच वाजवतो!"

माझ्या बायकोच्या, मुआल्लाच्या घशात तीळ लावलेल्या सिमिट पावाचा घास अडकला.

"मग बायरामच्या सणानंतर येऊ तुमच्याकडे, तेव्हा ऐकवा," सआदतबाई म्हणाल्या. "कॉफी घेईन, कानून ऐकेन. मग बोलायचं की नाही ते बघेन."

बोलायचं म्हणजे ते एकच वाक्य. अल्लाच्या हुकमाने आणि पैगंबरांच्या शब्दाने तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतो! मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी हे म्हटलं की झालं. कॉफी पिऊन, न म्हणताच पाहुणे उठले, तर मुलीने समजून जायचं.

दुसऱ्याच दिवशी मी गलाताच्या उतारावरच्या दुकानातून कानून आणलं. एका सुराला तीन तीन तारा, आणि त्यांच्या मुळाशी मुंग्यांची रांग लागावी तशा चिमुकल्या पितळी पट्ट्या! पट्टी उभी केली की सूर चढतो, आडवी केली की उतरतो. मी दुकानदाराला विचारलं, "कुठली कधी उभी करायची?" तो म्हणाला, "साहेब, ते कळलं की कानून आलंच!"

जेवात होजा नावाचे एक उस्ताद शिकवायला मिळाले.

"पहिलं वर्ष तारा जुळवण्यात जाईल," ते म्हणाले.

"होजा, पाहुणे बायरामनंतर येतायत!"

मी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण मुलीची गोष्ट सांगितल्यावर विरघळले. "एकच धून शिकवतो. शिकणारे सगळे हीच पहिली शिकतात. आनंदाची आहे, पोरं नाचतात हिच्यावर. पट्ट्या मी लावून देईन. काही उभ्या, काही आडव्या. तुम्ही त्यांना हात लावायचा नाही!"

लावला नाही. फक्त वाजवत राहिलो. खालच्या मजल्यावरच्या नेझाहतबाईंनी द्राक्षाच्या पानांचे डोल्मे पाठवले आणि निरोप दिला, "घरात कोणी आजारी आहे का? कण्हण्याचा आवाज येतो." डोल्मे मात्र फार सुरेख होते.

हळूहळू कण्हणं थांबलं आणि धून उमटायला लागली. बेर्रिन दाराशी येऊन उभी राहायची. तिच्या लहानपणी मी औषधं कुटायचो तेव्हा अशीच उभी असायची. एकदा म्हणाली, "बाबा, नाही जमलं तरी चालेल हं." मी मान हलवली, पण मला चालणार नव्हतं. दुसरं तरी काय देणार होतो मी तिला?

ठरलेल्या दिवशी होजा येऊन तारा जुळवून, पट्ट्या लावून गेले. संध्याकाळी पाहुणे आले. फुलं आली, चॉकलेटं आली. बेर्रिनने रिवाजाप्रमाणे तुनाच्या कॉफीत मीठ घातलं. बहुधा सगळी बरणीच ओतली असावी, कारण पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी "वा, छान झालीय!" म्हणत बिचाऱ्याने पेला संपवला.

"हं," सआदतबाई म्हणाल्या. "होऊन जाऊ द्या."

मी कानून मांडीवर घेतलं, नख्या चढवल्या आणि सुरुवात केली. पहिल्याच ओळीला मी हादरलो. ही माझी धून नव्हे! बोटं तिथेच पडत होती, पण नाचरी पोरगी आजारी पडून अंथरुणात कुढत बसावी तसे सूर निघत होते. खाली पाहिलं तर पट्ट्या झगझगीत चमकत होत्या, आणि सगळ्याच्या सगळ्या आडव्या होत्या!

मुआल्लाकडे पाहिलं. ती अभिमानाने हसली. पाहुणे यायचे म्हणून तिने दिव्याच्या काचांपासून दाराच्या कड्यांपर्यंत सगळं पुसलं होतं. नंतर म्हणाली, "काही उभ्या, काही पडलेल्या! पाहुणे काय म्हणतील? नीट लावून ठेवल्या एका रांगेत!"

थांबावं, तर मधूनच पुन्हा सुरू करणं मला शिकवलेलं नव्हतं. मी तसाच शेवटपर्यंत गेलो.

सआदतबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला होता. बेर्रिन कपबशांकडे बघत उभी होती. मला लाज वाटली.

"चूक झाली," मी म्हणालो. "मला माफ करा. ही धून अशी नाही."

"माहीत आहे मला कशी आहे ती!" सआदतबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांची बोटं शेवटी शेवटी आखडली होती. पट्ट्या उभ्या करताच यायच्या नाहीत. सगळ्या आडव्याच ठेवायचे आणि हीच धून वाजवायचे. वाजवून झालं की विचारायचे, 'कशी झाली?' मी म्हणायचे, 'छान झाली.'"

त्यांनी रुमाल घडी करून पिशवीत ठेवला.

"इतकं चुकीचं वाजवणारं माणूस पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं हो."

मग त्या सरळ बसल्या. "अल्लाच्या हुकमाने," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही, कारण मुआल्ला, बेर्रिन आणि नेझाहतबाई एकदमच रडायला लागल्या. नेझाहतबाई आत कधी आल्या, देव जाणे!

आता मी पट्ट्या स्वतः लावतो. होजा म्हणतात, धून अगदी बरोबर येते. पण दर बायरामला विहीणबाई येतात. खालून त्यांचा आवाज ऐकू आला की मी कानून घेऊन बसतो आणि स्वयंपाकघराकडे ओरडतो, "मुआल्ला, फडकं आण गं!"