पाटीवरचे पाशा

उस्मानी साम्राज्य बुडालं, तुर्कस्तानने जुन्या पदव्या कायद्याने रद्द केल्या, तरी एक पाशा अजून परळला आमच्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर राहतात. नाव दत्ताराम परब. शिवडीच्या गोदामातले निवृत्त कारकून.

पाशा म्हणजे काय, हे ते लिफ्टमध्ये सापडेल त्याला सांगतात. सुलतान मोठ्या सरदारांना ही पदवी देई. ती नावाच्या आधी नाही, नंतर लावायची. मुलाला वारशाने मिळत नसे. निशाणाच्या काठीला घोड्याच्या शेपट्या बांधत. जितक्या शेपट्या, तितका पाशा मोठा. तीन म्हणजे कळस. सातवा मजला येईपर्यंत दोन शेपट्या होतात.

शब्दाच्या उगमाबद्दल मात्र एकमत नाही. कुणी 'पादशहा'कडे बोट दाखवतं, कुणी डोकं या अर्थाच्या तुर्की 'बाश'कडे. तिसरं मत असं, की मूळ शब्द 'बाश-आगा', म्हणजे थोरला भाऊ. मी कोश चाळले. हे मत विद्वानांना फारसं पटत नाही. पाशांना दुसरं कुठलंच पटत नाही.

चाळ पाडून टॉवर झाला, खाली नावांची पाटी लावायचं ठरलं, तेव्हा पाशांनी सोसायटीला अर्ज दिला: माझं नाव 'दत्ताराम परब पाशा' असं लिहावं.

"काका, आधार कार्डावर पाशा कुठंय?" सेक्रेटरी मोरेबाईंनी विचारलं.

"सुलतान आधार कार्ड मागत नसे."

मीटिंग हसली आणि अर्ज फेटाळला गेला. नकारासाठी वर झालेल्या हातांत माझाही होता. मला पदव्यांचा सोस आवडत नाही.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले. सांगू लागले: पदवी दिली होती धाकट्या भावाने, अरविंदने. शाळेच्या पुस्तकातला एक मिशाळ तुर्क बघून. दादा अशी हाक त्याने कधी मारलीच नाही. बारा वर्षांपूर्वी भांडून चाळीतून निघून गेला, त्यानंतर पत्ता नाही.

"चाळ तर आता नाय," पाशा म्हणाले. "तो इलो तर वॉचमनाक इचारतलो, पाशा खंय रवता? वॉचमन सांगतलो, हयसर पाशा कोण नाय."

पुढच्या मीटिंगला अर्ज मी मांडला. मोरेबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेंटरला स्वतः फोन केला.

पाटी लागून आता आठ महिने झाले. पाशांना विचारत आजवर एकच माणूस आला. पाशांनी त्याला बसवून चहा पाजला. त्याला एसी दुरुस्त करणारे पाशाभाई हवे होते.