तांड्यावरचा गुप्त कंट्रोल

पहिलं कार्ड तीन वाजून चार मिनिटांनी टेबलावर आलं आणि सरलानं ते उलटसुलट करून दोनदा पाहिलं. औंढा, वसमत आणि नांदेडचे शिक्के जागच्या जागी होते. चौथ्या चौकोनात काहीच नव्हतं.

चौथा चौकोन गुप्त कंट्रोलचा, म्हणजे न सांगता ठेवलेल्या तपासणीच्या जागेचा होता. हिंगोलीच्या सायकल मंडळाची ही पहिलीच दोनशे किलोमीटरची राइड. डिसेंबरातल्या थंडीत सकाळी सहाला तेवीस जण कानटोप्या घालून मंगल कार्यालयाच्या फाटकातून निघाले होते आणि संध्याकाळी साडेसातच्या आत त्यांना तिथंच परत यायचं होतं. औंढा, वसमत, नांदेड, कळमनुरी आणि परत हिंगोली हा रस्ता सरलानं मोजला तेव्हा तो एकशे चौऱ्याऐंशी किलोमीटर भरला. राहिलेल्या सोळासाठी तिनं कळमनुरीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडायला लावून किसनसिंग राठोडांच्या तांड्यावरून वळसा दिला. हा वळसा टाळून सरळ निघून येणं कोणालाही जमलं असतं. तसं कोणी करू नये म्हणून तांड्यावर किसनसिंगलाच शिक्का देऊन बसवलं होतं. तिथं कंट्रोल आहे हे कुठल्याही सायकलवाल्याला आधी माहीत असणार नव्हतं. चौथा शिक्का नसेल तर राइड बाद, असा मुख्य सायकल संघटनेचा नियम होता.

"तांड्यावरून आलास ना?" तिनं कार्ड घेऊन आलेल्या मुकुलला विचारलं. मुकुलचं शहरात औषधाचं दुकान होतं आणि मंडळात त्याच्याइतकं वेगानं कोणी चालवत नव्हतं.

"आलो की ताई. तिथं माणूस न्हाई, कुत्रं न्हाई." मग त्यानं आवाज खाली आणला. "बिबट्या हाय पण."

तो थोडं मोकळं व्हायला रस्त्याकडेच्या तुरीत शिरला होता. दोन हातांवर त्याला दोन डोळे दिसले. पुढचं त्याला नीट आठवत नव्हतं, पण सायकलवर बसल्यावर त्यानं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना सावध करणारा मेसेज तेवढा टाकला होता.

सरलाच्या शेजारच्या खुर्चीवर विश्वजीत बसले होते. मुख्य संघटनेनं त्यांना निरीक्षक म्हणून पाठवलं होतं. आजच्या नोंदी चोख निघाल्या तरच मंडळाला जानेवारीतल्या तीनशे किलोमीटरच्या राइडची परवानगी मिळणार होती. विश्वजीत कधी आवाज चढवत नसत. ते हळू आवाजात विचारत आणि मिळालेलं उत्तर लिहून घेत, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

सरला ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. म्हणून ती दुसऱ्या कार्डाची वाट पाहत बसली. दुसरं कार्ड अनुश्रीचं होतं, आणि तेही कोरंच निघालं. अनुश्रीला तुरीतून खोकल्याचा आवाज आला होता. मुकुलचा मेसेज तिनं नुकताच वाचला होता, त्यामुळे बिबट्या खोकतो का या प्रश्नात न पडता तिनं पुढचे दोन किलोमीटर आयुष्यात कधी नव्हे इतक्या जोरात काढले होते. मागून येणारे सात जण तर वळणावर एकमेकांसाठी थांबले आणि पाण्याच्या बाटल्या वाजवत, आरडाओरडा करत घोळक्यानं तांड्यावरून गेले, असं त्यांनी ग्रुपवर कळवलं.

पाचपर्यंत नऊ कार्डं जमली आणि नऊही चौकोन कोरे होते. एकानं वळसा टाळला असता तर ती त्याची लबाडी ठरली असती. नऊ जणांनी टाळला असं मानायचं तर तुरीतला बिबट्या नऊ जणांनी मिळून रचायला हवा होता. राहता राहिली ती स्वतः.

किसनसिंगचा फोन सकाळपासून बंद होता. कंट्रोलची जागा तिनं दुसऱ्या कोणाला सांगितली नव्हती. मंडळाचे अध्यक्ष व्यंकटराव स्वतः राइडला उतरले होते, म्हणून त्यांनाही नाही. किसनसिंगची मुलगी पूजा तिच्या वर्गात होती. शिक्का, शाईचा पॅड, घड्याळ आणि सूचनांचा कागद तिनं पूजाच्याच हाती पाठवला होता. त्या कागदाची प्रत तिनं आता पर्समधून काढली. अकरा सूचना होत्या. जागा कोणालाही सांगू नये. फलक लावू नये. एकेकाचा पाठीवरचा नंबर आणि मिनिटासकट वेळ लिहावी. पाच वाजेपर्यंत जागा सोडू नये. 'गुप्त' या शब्दाखाली तिनं लाल शाईनं दोन रेघा मारल्या होत्या. प्रत्येकाला थांबवून त्याच्या कार्डावर शिक्का मारावा, हे मात्र कुठंच नव्हतं. ते तिला इतकं उघड वाटलं होतं की लिहायचंच राहून गेलं होतं.

तिनं कागद विश्वजीतांसमोर ठेवला. त्यांनी तो अकराही सूचनांसह वाचला, घडी घालून परत दिला आणि काहीतरी लिहून घेतलं.

पाच वीसला व्यंकटराव आले. अठ्ठावन्नाव्या वर्षी दोनशे किलोमीटर कापून आलेल्या माणसाच्या मानानं ते चांगलेच ताजे दिसत होते. झालेला प्रकार कळल्यावर त्यांनी सायकलवाल्यांची बाजू घेतली. "मी स्वतः तांड्यावरून आलो साहेब. रस्त्याला माणूस नव्हता. त्यात ह्या लेकरांची काय चूक?"

"तसं असेल तर तेवीसच्या तेवीस कार्डं बाद धरावी लागतील," विश्वजीत हळूच म्हणाले.

सातपर्यंत सगळे परतले. बाटल्या वाजवणारे सात जणही आले. गरम खिचडीची पातेली उघडली, पण कोणीच वाढून घेतलं नाही. तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून पूजा उतरली. किसनसिंगनं गाडी स्टँडवर लावली. त्याच्या अंगावरच्या घोंगडीला तुरीचा पाला चिकटलेला होता. उशीर झाल्याबद्दल त्यानं आधी माफी मागितली. म्हैस पिळल्याशिवाय निघता आलं नव्हतं.

मग तो छाती काढून म्हणाला, "मॅडम, दिवसभर कोणालाबी कळलं न्हाई."

सरला खुर्चीवरून उठली. "पण किसनसिंग, तुम्ही होतात कुठं?"

"तुरीत. काहून?"

वनखात्याच्या प्राणीगणनेला किसनसिंग आठ वर्षं मचाणावर बसत आला होता. गुप्त बसणं म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. वाऱ्याच्या उलट बाजूला बसायचं, फोन बंद ठेवायचा, प्राण्याला हटकायचं नाही आणि दिसेल तेवढंच लिहायचं. त्यानं पिशवीतून दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली. वेळ, नंबर, नर की मादी, दिशा आणि वागणूक असे रकाने पट्टीनं आखलेले होते. शिक्का दिला आहे म्हणजे तो कुठंतरी मारायचाच असणार, म्हणून त्यानं तो प्रत्येक ओळीपुढे नेमका मारला होता.

विश्वजीत वाचू लागले. अनुश्री मान लांबवून पाहत होती. तिची ओळ अशी होती: 'एक वाजून त्रेपन्न. नंबर चौदा. मादी. तब्येत चांगली. दचकून पळाली.' घोळक्याची नोंद एकत्र होती: 'तीन पन्नास. सात नर, कळपानं. फार आवाज करतात.' सातांचेही नंबर खाली ओळीनं मांडले होते.

"एक चूक झाली," किसनसिंग खाली मान घालून म्हणाला. "ह्या पोरानं मला पायलं. एकदम पुढ्यातच आला, काय करू. मी लगेच डोळे झाकले, पण उशीर झाला."

सगळ्यांच्या नजरा मुकुलकडे वळल्या. मुकुल त्याच वेळी खिचडी घ्यायला गेला.

विश्वजीत मात्र हसले नाहीत. वहीतल्या वेळा आणि नांदेडच्या शिक्क्यांवरच्या वेळा त्यांनी ओळीनं ताडून पाहिल्या. "कंट्रोलवरच्या माणसाची नोंद नियमात चालते," ते म्हणाले. "वही चांगली आहे. पण या माणसाला कोणीही माणूस म्हणून पाहिलेलं नाही. अशी वही आज संध्याकाळी इथं बसूनही लिहिता येते."

ते खरं होतं. सरलाच्या जागी दुसरं कोणी असतं तर कदाचित रागावलं असतं. तिला मात्र शंका रास्त वाटली.

विश्वजीतांनी शेवटचं पान उलटलं आणि ते थबकले. मग ती नोंद त्यांनी मोठ्यानं वाचली. "चार वाजून बारा. नंबर एक. नर, वयस्क. कापसाच्या टेम्पोत. सायकल गाठोड्यांवर, स्वतः ड्रायव्हरशेजारी. हरभरा खातो."

पाठीवरचा नंबर एक अध्यक्षांचा होता.

विश्वजीतांनी वही व्यंकटरावांसमोर सरकवली. "कुठलंही मंडळ आपल्या अध्यक्षाबद्दल असं खोटं लिहिणार नाही. ही ओळ खरी असेल तर वही खरी. मग बावीस कार्डं मंजूर होतात. खोटी असेल तर सगळीच बाद. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेतो."

व्यंकटरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. समोर बावीस जण ताटं हातात धरून उभे होते. सरला टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. व्यंकटरावांकडे पाहणं म्हणजे त्यांच्यावर दबाव टाकणं झालं असतं.

"नोंद बराबर न्हाई," व्यंकटराव शेवटी म्हणाले. "हरभरा नव्हता. शेंगा होत्या."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही, पण मग हसणं थांबेना. विश्वजीतांनी त्यांचं उत्तर लिहून घेतलं आणि कार्डांवर सह्या करायला सुरुवात केली. सरलानं दुपारपासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. व्यंकटरावांनी पाठीवरचा नंबर सोडवला आणि तिच्याशेजारी बसत म्हणाले, "खरं सांगू सरलाताई, लई हलकं वाटून राहिलं. जानेवारीत मी चहाच्या टेबलावर बसतो. तीनशे म्हणजे टेम्पोतबी लांबच पडतं."

किसनसिंगचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यानं वही पुढ्यात ओढली, 'हरभरा' हा शब्द एकाच सरळ रेघेनं खोडला, वर 'शेंगा' असं लिहिलं आणि त्या दुरुस्तीवर शिक्का मारला.